थिजलेले पडदे: थंडीत वनस्पतीच्या पेशीच्या आत काय बिघडते

फ्रिजमध्ये ठेवलेले केळे एक-दोन दिवसांत बाहेरून काळे पडते, हा बहुतेक घरांतला अनुभव आहे. साल काढली तर आतला गर पांढरा आणि खाण्याजोगा निघतो, पण सालीची रया गेलेली असते. त्याच फ्रिजमध्ये शेजारी ठेवलेला फ्लॉवर, मटार किंवा गाजर मात्र आठवडाभर टवटवीत राहते. थंडी सगळ्यांना सारखीच लागली, मग केळ्याचेच असे का झाले, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. उत्तर शोधत गेलो की मात्र आपण वनस्पतीच्या पेशीच्या पार आत पोहोचतो, आणि जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत केळीच्या बागांवर जो ‘चरका’, म्हणजे थंडीचा फटका, पडतो, त्याचे मूळही तिथेच सापडते.

सर्वप्रथम एक रूढ समजूत बाजूला ठेवावी लागेल. थंडीने झाड का मरते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात की पेशीतील पाण्याचा बर्फ होतो, बर्फ पाण्यापेक्षा सुमारे 9 टक्के अधिक जागा घेतो आणि त्यामुळे पेशी फुटते. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये फुटलेली आपण पाहिलेली असल्यामुळे हे पटते. परंतु फ्रिजच्या खालच्या भागात तापमान शून्याच्या वर, साधारण 4 ते 8 अंश सेल्सिअस असते. तिथे बर्फ होतच नाही, तरीही केळे काळे पडते. खानदेशातल्या केळीच्या बागेतही पाणी गोठण्याची वेळ सहसा येत नाही, तरी पारा दहाच्या खाली उतरला की पाने पिवळी पडू लागतात. याचा अर्थ असा की थंडीची इजा दोन प्रकारची असते. एक गोठण्याची, जिथे खरोखर बर्फ तयार होतो. दुसरी निव्वळ गारठ्याची, जी बर्फाविना होते आणि जिला बागायतदार व व्यापारी सरळ ‘चिलिंग’ म्हणतात. आपल्याकडची पिके बहुतांशी या दुसऱ्या इजेने हैराण होतात, म्हणून या लेखात तिलाच अधिक जागा दिली आहे.

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असे चित्र मनात असेल तर गारठ्याची इजा कधीच समजणार नाही. पेशीच्या भिंतीच्या आत प्रद्रव्यपटल नावाचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याच्या आत पेशीद्रव असते, आणि त्या पेशीद्रवात हरितलवके, श्वसनातून ऊर्जा मिळवून देणाऱ्या तंतुकणिका, केंद्रक, साठवणीची मोठी रिक्तिका अशी अंगके आपापल्या पडद्यांत बंदिस्त असतात. पेशीचे बहुतेक सगळे काम या पडद्यांच्या आधारे चालते, कारण कोणता पदार्थ कुठे राहायचा आणि कोणता कुठून कुठे जायचा, हे पडदाच ठरवतो. एखाद्या घरात स्वयंपाकघर, धान्याची खोली आणि न्हाणीघर यांच्यामधल्या भिंती विरघळल्या तर घरातल्या वस्तू सगळ्या शाबूत असूनही घर राहण्यालायक उरत नाही. गारठ्याने पेशीची अशीच अवस्था होते.

हे पडदे मुख्यतः मेदाचे असतात. मेदाच्या रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे राहतात, त्यांच्या लांब शेपट्या आतल्या बाजूला असतात आणि या दोन थरांत जागोजागी प्रथिने रुतलेली असतात. ही प्रथिने म्हणजे पडद्यातली दारे आणि पंप. दारे उघडझाप करण्यासाठी आणि पंप चालण्यासाठी भोवतालचा मेद पातळ, वाहता असावा लागतो. इथेच सगळी मेख आहे, कारण मेद थंडीत थिजतो.

कोणता मेद किती अंशाला थिजेल हे त्याच्या शेपटीच्या आकारावर अवलंबून असते. डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, तूप कढवून घ्यावे लागते, पण शेजारच्या बाटलीतले करडईचे तेल तसेच वाहत असते, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. खोबरेल तेलात आणि तुपात संतृप्त मेदाम्ले अधिक असतात. त्यांच्या साखळ्या सरळसोट असल्यामुळे त्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात आणि घट्ट होतात. करडईच्या तेलातील असंतृप्त मेदाम्लांच्या साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, आणि बाकदार काड्या कितीही रचल्या तरी दाटीने बसत नाहीत. हा फरक किती मोठा असतो ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. 18 कार्बनची साखळी घेतली आणि तीत एकही दुहेरी बंध नसला, तर ते स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंशांना वितळते. एक दुहेरी बंध आला की ते ओलेइक आम्ल होते आणि सुमारे 13 अंशांना वितळते. दोन आले की लिनोलेइक आम्ल, वितळणबिंदू उणे 5. तीन आले की लिनोलेनिक आम्ल, वितळणबिंदू उणे 11. पेशीच्या पडद्यात ही मेदाम्ले सुटी नसून मोठ्या रेणूंना जोडलेली असतात, त्यामुळे हेच आकडे जसेच्या तसे तिथे लागू होत नाहीत. पण क्रम तोच राहतो: बाक जितके अधिक, तितका पडदा थंडीत उशिरा थिजतो.

ज्या वनस्पती उष्ण प्रदेशांत उत्क्रांत झाल्या, त्यांच्या पडद्यांना दहा अंशांच्या थंडीची तयारी ठेवण्याचे कारणच नव्हते. केळी, आंबा, काकडी, टोमॅटो, वांगी, भात ही अशी पिके आहेत. गहू, हरभरा, कोबी, मटार, गाजर यांचे पूर्वज मात्र हिवाळ्याला सरावलेले होते. मग कोणी विचारील की सगळ्याच झाडांनी भरपूर बाकदार मेदाम्ले का बाळगू नयेत. त्याचे कारण उन्हाळ्यात आहे. फार पातळ पडदा उष्णतेत गळू लागतो. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि जानेवारीत दहाच्या खाली उतरतो. केळीच्या एकाच बागेला ही दोन्ही टोके सोसायला लावणे ही मुळातच कठीण मागणी आहे, आणि खानदेशातला शेतकरी ती वर्षानुवर्षे निभावून नेतो, याची जाणीव बाहेरच्यांना फारशी नसते.

पडदा थिजण्याची ही कल्पना ठोसपणे पुढे आली ती 1970 मध्ये. जेम्स लायन्स आणि जॉन रेझन या संशोधकांनी वेगवेगळ्या वनस्पतींच्या तंतुकणिका वेगळ्या काढून त्यांच्या श्वसनाचा वेग निरनिराळ्या तापमानांना मोजला. फ्लॉवर, बटाटा आणि बीट यांच्या तंतुकणिकांत तापमान उतरेल तसा वेग एकसारखा मंदावत गेला. टोमॅटो, काकडी आणि रताळे यांच्या तंतुकणिकांत मात्र साधारण 9 ते 12 अंशांच्या दरम्यान आलेखाला एकाएकी मोड आला आणि त्याखाली वेग झपाट्याने पडला. गारठ्याला हळवी पिके आणि काटक पिके यांच्यातला फरक एका प्रयोगात असा समोरासमोर दिसला. पुढील काळात या कल्पनेत बरीच सुधारणा झाली. सगळा पडदा एकदम थिजत नाही, त्यात ठिकठिकाणी घट्ट ठिपके तयार होतात, आणि घट्ट भाग व पातळ भाग जिथे भेटतात त्या शिवेवर गळती सुरू होते, असे आता मानले जाते. गारठ्याची सगळी इजा या एकाच कारणाने होते, असेही कोणी म्हणत नाही. पण पडद्यातील मेदाचा या प्रकरणात थेट हात आहे हे 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने पक्के केले. जपानचे नोरिओ मुराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या झाडात एक जनुक घातले, जे हरितलवकाच्या पडद्यातील एका विशिष्ट मेदात कोणती मेदाम्ले बसवायची हे ठरवते. भोपळावर्गीय, म्हणजे गारठ्याला हळव्या वनस्पतीचे जनुक घातलेली तंबाखू अधिक हळवी झाली. मोहरीच्या कुळातील काटक अरॅबिडॉप्सिसचे जनुक घातलेली तंबाखू अधिक काटक झाली. झाड तेच, जमीन तीच, फक्त पडद्यातल्या मेदाची घडण बदलली होती. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

आता पुन्हा केळ्याच्या सालीकडे येऊ. पूर्ण वाढलेल्या पेशीत सर्वांत मोठी जागा रिक्तिका व्यापते, बहुधा आकारमानाच्या 80 ते 90 टक्के. तीत पाणी, क्षार, आम्ले आणि पेशीला इतरत्र नको असलेले पदार्थ साठवलेले असतात, त्यांत फिनॉल वर्गातील संयुगेही असतात. केळ्याच्या सालीत यांपैकी डोपामिन विपुल असते. या संयुगांचे ऑक्सिडीकरण करणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, मात्र लवके नावाच्या अंगकांच्या आत, वेगळ्या पडद्यामागे असते. निरोगी सालीत या दोघांची गाठ पडत नाही. गारठ्याने रिक्तिकेचा आणि लवकाचा पडदा गळू लागला की दोघे एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी-काळे रंगद्रव्य तयार होते. वांगे चिरून पाण्यात टाकले नाही तर ते काळे पडते, ती क्रिया हीच आहे. फरक एवढाच की तिथे पडदे सुरीने फाटतात आणि इथे थंडीने. म्हणूनच काळे पडलेले केळे सडलेले नसते. त्याच्या सालीतल्या पेशींचे कप्पे मोडलेले असतात.

रिक्तिकेच्या पडद्यावर एक पंप असतो, जो पेशीद्रवातील आम्लता उपसून सतत आत ढकलत असतो. मुगाच्या कोवळ्या रोपांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की शून्य अंशाच्या आसपासच्या गारठ्यात हा पंप चटकन निकामी होतो आणि पेशीद्रव आंबट होऊ लागते. पेशीद्रवातली बहुतेक विकरे ठरावीक आम्लतेतच काम करतात, त्यामुळे एका पंपाच्या बंद पडण्याने अनेक क्रियांची घडी विस्कटते.

सूक्ष्मदर्शकाखाली टोमॅटोच्या किंवा कलिंगडाच्या पानावरच्या केसातली एखादी जिवंत पेशी पाहिली तर आतले पेशीद्रव कडेकडेने वाहताना दिसते, आणि त्या प्रवाहात बारीक कण ओढ्यातल्या पालापाचोळ्यासारखे एकामागून एक सरकत असतात. तापमान सुमारे 10 अंशांपर्यंत उतरवले की हा ओघ थोड्याच वेळात मंदावतो आणि थांबतो. गाजर-मुळ्याच्या पेशीत तो शून्याच्या जवळही चालू राहतो. याच सुमारास पेशीतील सूक्ष्मनलिकांचा सांगाडाही विस्कळीत होऊ लागतो. या नलिका प्रथिनांच्या विटा एकमेकींवर रचून बनलेल्या असतात आणि त्या विटांना धरून ठेवणारे बल थंडीत दुबळे पडते. पेशी विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढून नेण्याचे काम याच नलिकांचे असल्यामुळे गारठ्यात नव्या पेशी तयार होणे रखडते. एरवी आठ-दहा दिवसांत एक नवे पान काढणारी केळ थंडीत पोंगा, म्हणजे न उलगडलेले पान, धरून नुसती उभी राहते, आणि मृगबागेतला, म्हणजे मृगात लावलेल्या बागेतला, निसवणीला (बाहेर पडायला) आलेला घड खोडातच अडकतो किंवा वेडावाकडा बाहेर पडतो, त्यामागे पेशींची ही खुंटलेली वाढ असते.

सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक नुकसान होते ते मात्र हरितलवकाचे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गारठलेले पान पाहिले तर त्याचा क्रम दिसतो. निरोगी हरितलवक भिंगासारखे चपटे असते आणि त्याच्या आत पातळ चकत्यांच्या चळती नीट रचलेल्या असतात, जणू डब्यात ठेवलेल्या भाकऱ्या. गारठ्यात ते प्रथम फुगते आणि गोलसर होते. चकत्यांच्या आतली पोकळी रुंदावते. आत साठवलेले पिष्टाचे कण लहान होत नाहीसे होतात. बाहेरच्या आवरणातून बारीक पुटकुळ्या सुटू लागतात. थंडी लांबली तर चळती विसकटतात, आणि अखेरीस आवरण फुटून आतला ऐवज पेशीद्रवात मिसळतो. पहिल्या टप्प्यांतून पान सावरू शकते, शेवटच्या टप्प्यातून सावरत नाही. त्याच वेळी शेजारच्या तंतुकणिका बऱ्याच शाबूत दिसतात. त्या फुगतात, पण उशिरा.

हरितलवकच आधी का बिघडते, याचे उत्तर उन्हात आहे. पानात दोन प्रकारची कामे एकमेकांना जोडून चाललेली असतात. प्रकाश शोषून त्यातली ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या रूपाने पुढे पाठवणे हे पहिले, आणि त्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणे हे दुसरे. प्रकाश शोषण्यावर तापमानाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. साखर बनवणे मात्र विकरांचे काम आहे, आणि सर्वसाधारणपणे दर 10 अंशांच्या उतारासरशी विकरांचा वेग निम्म्याच्या आसपास येतो. साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाच्या गाड्या येतच राहाव्यात आणि आतली गाळप यंत्रे निम्म्या गतीने चालावीत, तशी ही अवस्था असते. पानात मात्र उसाच्या रांगेसारखे थांबून राहणे शक्य नसते. साठलेली ऊर्जा कुठेतरी जावीच लागते आणि ती ऑक्सिजनच्या रेणूंवर जाऊन आदळते. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी अतिशय जहाल संयुगे तयार होतात. ती पडद्यातल्या असंतृप्त मेदावर हल्ला करतात आणि मेद खवट होतो, अगदी जुन्या फरसाणातले तेल खवट होते तसा. खवट झालेला पडदा आणखी गळतो.

प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतले डी-1 नावाचे एक प्रथिन तर रोजच्या उन्हातही सतत झिजत असते आणि पेशी ते सतत नवे बनवून बसवत असते. गारठ्यात झीज चालू राहते आणि दुरुस्ती रेंगाळते. म्हणून रात्रीची थंडी आणि लगेच सकाळचे लख्ख ऊन, हा जोड निव्वळ थंडीपेक्षा घातक ठरतो. महाराष्ट्रातल्या हिवाळ्याचे वैशिष्ट्य नेमके हेच आहे. रात्री आकाश निरभ्र असल्यामुळे जमिनीची उष्णता निघून जाते आणि त्याच निरभ्र आकाशातून सकाळी ऊन थेट पानांवर पडते. ढगाळ थंडीत बाग तुलनेने कमी बिघडते.

गारठलेले झाड भर पाण्यात कोमेजलेले दिसते तेव्हा शेतकरी गोंधळतो, आणि तो गोंधळ रास्त आहे. मुळांच्या पेशींतील पडद्यांत पाणी आत घेणारी खास दारे असतात. माती गार पडली की ती मंदावतात आणि मूळ पाणी ओढेनासे होते. काकडीसारख्या हळव्या पिकात पानांवरची पर्णरंध्रे मात्र वेळेवर मिटत नाहीत. खालून आवक बंद आणि वरून जावक चालू, त्यामुळे वाफ्यात ओल असूनही वेल माना टाकतो. कोकणात उन्हाळी भाताच्या रोपवाटिकेत डिसेंबर-जानेवारीत रोपे पिवळी पडून जागच्या जागी थांबतात, त्यात हरितलवकाच्या बिघाडाबरोबर मुळांच्या या मंदगतीचाही वाटा असतो.

एक गोष्ट मात्र विशेष लक्षात घेण्यासारखी आहे: गारठ्याची इजा बहुधा ऊब मिळाल्यावर उघडी पडते. शीतगृहात फळ ठीक दिसते, बाहेर काढल्यावर दोन दिवसांत डागाळते. असे होते कारण थंडीत पडदे गळू लागले तरी विकरे मंद असतात, त्यामुळे बिघाडाचे परिणामही मंद गतीने होतात. ऊब आली की विकरे पुन्हा जोमाने काम करू लागतात, पण कप्पे मोडलेले असतात. श्वसन एकदम वाढते, फळ पिकवणारा इथिलीन वायू सुटतो, रंगद्रव्ये बनतात, बुरशीला आयते अन्न मिळते. काकडीवर खळगे पडतात, वांग्याच्या बिया तपकिरी होतात, आंबा एकसारखा पिकत नाही आणि त्याला वास धरत नाही. इजा किती झाली हे तापमान आणि काळ या दोहोंवर ठरते. काही तासांचा गारठा पेशी पचवते. पडदे पुन्हा पातळ होतात, सूक्ष्मनलिका पुन्हा रचल्या जातात, ओघ पुन्हा सुरू होतो. तोच गारठा ओळीने चार रात्री राहिला तर परतीची वाट राहत नाही.

खऱ्या बर्फाची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, आणि तीही रूढ समजुतीपेक्षा निराळी आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या लाटेत दव गोठून गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर बसतो. अशा वेळी बर्फ सामान्यतः पेशीच्या आत तयार होत नाही. तो पेशींच्या मधल्या फटींत आधी तयार होतो, कारण तिथल्या पाण्यात क्षार आणि साखर कमी असते आणि बर्फाला बीज पुरवणारे धूलिकण व जिवाणूही तिथे असतात. एकदा बाहेर बर्फ झाला की तो पेशीतले पाणी स्वतःकडे खेचू लागतो. उणे 10 अंशांपर्यंत पेशीतील सुमारे 90 टक्के मोकळे पाणी असे बाहेर निघून जाते. म्हणजे हिमाने मेलेले पान एका अर्थाने तहानेने मेलेले असते. पेशी आक्रसली की तिच्या बाह्य पडद्याचे बरेचसे कापड बारीक पिशव्यांच्या रूपाने आत ओढले जाते. सकाळी बर्फ वितळून पाणी परत आत घुसते तेव्हा पेशीला पुन्हा फुगण्यासाठी तेवढे कापड उरलेले नसते, आणि ती तेव्हा फाटते. फार झपाट्याने तापमान उतरले तर मात्र बर्फ पेशीच्या आतही होतो आणि मग ती वाचत नाही.

याचा पडताळा घरी पाहता येतो. बीटाचा लाल रंग रिक्तिकेत साठवलेला असतो. बीटाच्या दोन चकत्या कापून चांगल्या धुवाव्यात, एक रात्रभर फ्रिजमध्ये आणि दुसरी फ्रीझरमध्ये ठेवावी, आणि सकाळी दोन्ही वेगवेगळ्या पेल्यांत साध्या पाण्यात सोडाव्यात. फ्रिजमधल्या चकतीचे पाणी जेमतेम गुलाबी होते, कारण बीट गारठ्याला काटक आहे. फ्रीझरमधल्या चकतीचे पाणी मात्र थोड्याच वेळात गडद लाल होते, कारण तिच्या रिक्तिकांचे पडदे फाटलेले असतात. प्रयोगशाळेतही इजा मोजण्याची एक जुनी आणि विश्वासू रीत जवळपास हीच आहे. गारठलेल्या पानांचे तुकडे शुद्ध पाण्यात ठेवतात आणि पेशीतून किती क्षार गळले ते पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून ओळखतात.

वनस्पती हे सारे निमूट सोसतात असे नाही. थंडीचा झटका लागताच काही क्षणांत पेशीद्रवात कॅल्शियमचे आयन शिरतात आणि तो धोक्याचा इशारा ठरतो. 1991 मध्ये मार्क नाइट, अँथनी ट्रेवावस आणि सहकाऱ्यांनी जेलीफिशमधले एक प्रथिन तंबाखूच्या रोपात आणून हे दाखवले. ते प्रथिन कॅल्शियम वाढले की उजळते, आणि थंड पाणी लागताच ती रोपे मंद प्रकाशली. हा इशारा मिळाल्यावर काटक वनस्पती आपल्या मेदाम्लांत नवे दुहेरी बंध घालतात, पेशीद्रवात साखर वाढवतात, पडद्यांना सांभाळणारी प्रथिने बनवतात. गहू किंवा कोबी थंडीत हळूहळू असे मुरतात. केळीला हे फारसे जमत नाही, तिच्याकडे ती शिदोरीच तोकडी आहे.

म्हणून तिथे माणसाला मदत करावी लागते. थंडीच्या रात्री बागेला विहिरीचे पाणी देण्याची खानदेशातली रीत पेशीच्या अंगाने पाहिली तर अतिशय सयुक्तिक आहे. भूगर्भातून आलेले पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरेच उबदार असते, ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते, आणि मुळांतली पाण्याची दारे उघडी राहतात. बागेभोवती शेवरीचे कुंपण गार वारा अडवते. घड पिशवीने किंवा वाळल्या पानांनी झाकला की सालीचे तापमान एक-दोन अंशांनी वर राहते, आणि पडदा थिजण्याच्या उंबरठ्यावर असताना एक-दोन अंशही पुष्कळ असतात. रात्री शेकोट्या पेटवून धूर करण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण माझ्या मते नुसत्या धुराचा उपयोग मर्यादित आहे. खरा फायदा शेकोटीच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे हलणाऱ्या हवेचा होतो. फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमान हा धोका धरलेला आहे, तो याच अनुभवातून.

काढणीनंतर कच्ची केळी 13 ते 14 अंशांवर ठेवतात. त्याहून थंड ठेवली तर अधिक टिकतील, असा मोह होतो, आणि तिथेच गाडीभर माल हातचा जाऊ शकतो. जाणता व्यापारी हिवाळ्यात आलेल्या हिरव्या केळ्यावर सुरीचे टोक ठेवून सालीचा पापुद्रा अलगद उचलतो. खाली पांढरट, ओला, चिकाने चमकणारा थर दिसला तर माल चांगला. तिथे तपकिरी, तुटक रेघा दिसल्या आणि चीक पाण्यासारखा मंद झिरपला, तर बाहेरून घड कितीही हिरवागार असला तरी ते केळे आता पिवळेधमक पिकणार नाही, राखाडी-पिवळे होईल, हे त्याला त्याच क्षणी कळते.